पेवात सोडलेला कंदील

हरिपूर, १८ डिसेंबर १९७७

सिद्धूदा,

तुझा पत्ता परवा मिळाला. हळद घेऊन साताऱ्याला गेलेल्या ट्रकवाल्यानं तुला स्टँडमागच्या हॉटेलात पाहिलं. विहिरी फोडणाऱ्या टोळीत आहेस आणि हॉटेलचे मालक बाळासो तुम्हा सगळ्यांची पत्रं वाचून दाखवतात, असं तो म्हणाला. म्हणून आधी बाळासोंना नमस्कार.

काका, मी बनू, नाथाजी मुकादमांची मुलगी. यंदा दहावीला आहे. सिद्धू आमच्या घरी पाच वर्षं होता. दुष्काळात आटपाडीकडून मेंढरं घेऊन बापलेक नदीकाठाला आले. मेंढरं मेली, बाप माघारी गेला, हा माझ्या वडिलांच्या, आबांच्या हळदीच्या टोळीत राहिला. माझा थोरला भाऊ आकाराम, त्याला आम्ही अण्णा म्हणायचो. तो आणि हा एका ताटात जेवायचे.

तो तुम्हाला काही बोलला नसणार. म्हणून मीच लिहिते. आमच्याकडे हळद जमिनीखाली पेवात साठवतात. पेव वीस-पंचवीस फूट खोल असतं, तोंड एक माणूस जेमतेम आत जाईल एवढंच. हळद भरून वर पाला-माती घालून ते बंद करतात. पुढं उघडतात तेव्हा आत वाईट हवा कोंडलेली असते. म्हणून सकाळी तोंड उघडायचं, दुपारपर्यंत थांबायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. जळत राहिला तर माणसानं उतरायचं. विझला तर नाही. हे कंदिलाचं काम सिद्धूचं होतं.

एकवीस नोव्हेंबरला दुपारी सिद्धू जागेवर नव्हता. अण्णा पेवात उतरला आणि तिथंच पडला. मी भाकरी घेऊन गेले होते, मी ओरडले. सिद्धू धावत आला, तोंडाला ओलं फडकं बांधून आत गेला. अण्णाच्या काखेत दोर अडकवून वर आला तेव्हा त्याचेही ओठ निळे पडले होते. अण्णा तोवर गेला होता.

सिद्धूदा, घरी सगळं ठीक आहे. तुझ्यावर कुणाचा राग नाही. आई तुझी आठवण काढते. आबा अजून कामावर जात नाहीत, टोळी केरबाकाका बघतात. अण्णा दुसऱ्या दिवशी आष्ट्याला मुलगी बघायला जाणार होता ना, तर त्या मुलीला आता लोक पांढऱ्या पायाची म्हणतात. तिनं त्याला पाहिलंसुद्धा नव्हतं.

तू त्या दुपारी कुठं गेला होतास ते मी कुणाला सांगितलं नाही. तूही सांगितलं नाहीस. लोक म्हणतात चहा प्यायला गेला होता.

परत ये. बाळासोंकडून दोन ओळी लिहून पाठव.

बनू


हरिपूर, १५ जानेवारी १९७८

सिद्धूदा,

उत्तर आलं नाही. बरोबर आहे. तुझ्यावर कुणाचा राग नाही असं मी लिहिलं होतं, ते वाचताना बाळासोंना तुझं तोंड दिसलं असेल.

ते खोटं होतं. दहाव्याला तू घाटावर लांब, चिंचेखाली उभा होतास. पिंड मांडून दोन तास झाले तरी कावळा शिवत नव्हता. झाडावर पाच-सहा होते, पण खाली एकही येईना. आई म्हणाली, लेकरा, तुझी बहीण आम्ही चांगल्या घरात देऊ. आबा म्हणाले, तुझा ट्रान्झिस्टर कुणाला देणार न्हाई. कुणीतरी आष्ट्याच्या मुलीचं नाव घेतलं. कावळे नुसते बघत होते. मग केरबाकाका पुढं झाले, हात जोडले आणि तुझ्याकडं न बघता म्हणाले, "आकारामा, ज्यानं तुझा घात केला त्यो सिद्ध्या पुन्यांदा पेवाच्या रानात दिसनार न्हाई. माझा शबुद."

आणि कावळा शिवला.

सगळ्यांनी सुस्कारा टाकला. कुणी तुला जा म्हणालं नाही. म्हणायची गरज नव्हती, अण्णानंच सांगितलं असं झालं. मी वळून पाहिलं तर चिंचेखाली तू नव्हतास.

आता एक गोष्ट लिहिते. बाळासो वाचतील तर वाचू देत. केरबाकाका बोलायच्या आधी मी बोलणार होते. तोंड उघडलं होतं. सिद्धू चहाला गेला नव्हता, मीच त्याला पाठवलं होतं, एवढं म्हणणार होते. तेवढ्यात कावळा आला आणि मी तोंड मिटलं. सिद्धूदा, त्या वेळी मला सुटल्यासारखं वाटलं. अंगातलं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं. ते तुझ्या अंगावर गेलं, हे मला कळत होतं.

बाळासोकाका, झालं होतं ते असं. त्या सकाळी राखेनं कंदिलाची काच घासताना माझ्या हातून ती तडकली. आबांचा नियम होता की फुटक्या काचेचा कंदील पेवात सोडायचा नाही, कारण विझला तर वाऱ्यानं विझला की वाईट हवेनं, ते समजत नाही. मी घाबरून तडा मागच्या बाजूला फिरवून ठेवला. दुपारी भाकरी घेऊन गेले तेव्हा सिद्धूला बाजूला घेऊन सांगितलं, आबा सांगलीहून यायच्या आत दुकानातून नवी काच आण. तो हसून म्हणाला, "मास्तरीन, काच फोडायला बी शाळंतच शिकीवत्यात व्हय?" आणि गेला.

म्हणजे तू माझ्या कामाला गेला होतास. काचही आणली होतीस. दोर ओढताना ती तुझ्या खिशात फुटली आणि मांडीत घुसली. ते रक्त कशाचं, हेसुद्धा कुणी विचारलं नाही.

शाळेत प्रार्थनेच्या वेळी हेडमास्तरांनी माझं नाव घेऊन सांगितलं की या मुलीनं प्रसंगावधान राखून आरडाओरड केली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून मी मधल्या सुट्टीत वर्गातच बसते.

ये. मी घरी काचेचं सांगेन. तू आलास की सांगेन.

बनू


हरिपूर, २० फेब्रुवारी १९७८

सिद्धूदा,

तुझं पत्र आलं. अक्षर बाळासोंचं, बोलणं तुझं. "आमी बरे हाय. काचेचं घरात काढू नगं. काच कुणी का फोडंना, कंदील माझा हुता. मी जाग्यावर असतो तर कंदील सोडला असता, आन अण्णा न बघता उतरला नसता. हे माझंच हाय. पत्र घालू नगं."

मी ते बऱ्याच वेळा वाचलं. अण्णा न बघता उतरला, असं तूही मानतोस. आबाही मानतात. सगळं गाव मानतं.

खाली बाळासोंनी स्वतःच्या चार ओळी लिहिल्या आहेत, त्या त्यांनी तुला वाचून दाखवल्या नसतील. काका लिहितात, पोरी, हा तुझा कोण ते मला माहीत नाही, पण याला सांभाळ. विहिरीत सुरुंगाचे बार लावले की वर बसून आवाज मोजतात. पाच लावले आणि चारच वाजले तर एक आत जिवंत राहिला असं समजायचं, आणि अर्धा दिवस कुणी उतरायचं नाही. हा लगेच उतरतो. कुणी पाठवत नाही, आपण होऊन जातो. मुकादमाला आयता माणूस मिळालाय, तो कशाला अडवेल?

सिद्धूदा, हे का करतोस? तू असं केलंस म्हणून अण्णा येणार नाही.

परवा शाळेत पूर्वपरीक्षेत शास्त्राच्या पेपरात प्रश्न होता. जळत्या मेणबत्तीवर भांडं पालथं घातल्यास ती का विझते? दोन गुण. मी उत्तर लिहिलं. सातवीपासून येतं मला ते. पूर्ण बरोबर लिहिलं, खाली आकृतीसुद्धा काढली, आणि मग पेपर तिथंच ठेवून बाहेर आले. पुढचे प्रश्न लिहिले नाहीत. बाईंना वाटलं भावाची आठवण आली असेल.

तुझा दोष नाही. मी शपथेवर सांगते. का नाही ते विचारू नको, पण नाही. माझ्यावर विश्वास ठेव आणि न उडालेल्या बाराजवळ जाऊ नको.

बनू


हरिपूर, ११ एप्रिल १९७८

सिद्धूदा,

बाळासोंचं कार्ड आलं. गेल्या आठवड्यात सहा बार लावले, पाच वाजले, तू निम्मी विहीर उतरलास आणि सहावा उडाला. खांद्यात कपच्या शिरल्या, आणखी दहा फूट खाली असतास तर राहिला नसतास. चौथ्या दिवशी पुन्हा कामावर गेलास. काका लिहितात, "मी त्याला शिव्या घातल्या, तर म्हणतो, काका, खाली गेलं की बरं वाटतंय."

आता मी लिहिते. बाळासो, हे त्याला एकट्याला वाचून दाखवा, तुमच्या पाया पडते.

अण्णा न बघता उतरला नाही.

तू काच आणायला गेलास. टोळी बांधावर भाकरी खात होती, केरबाकाका आडवे झाले होते. मी पेवाच्या तोंडाशी एकटी होते. मला वाटलं, तू येईपर्यंत आपणच कंदील सोडावा, म्हणजे तुझं काम झालेलं असेल. तू मला दोनदा सोडू दिला होतास, आठवतं? मी कंदील लावला, दोर सोडला. अर्ध्यात गेला आणि उजेड गेला. वर ओढला तर वातीतून धूर निघत होता.

मला वाटलं तड्यातून वारा शिरला. मला खरंच तसं वाटलं, सिद्धूदा. आणि दुसरंही काही आत वाटलं असेल तर ते मी त्या वेळी ऐकून घेतलं नाही.

तेवढ्यात अण्णा हात पुसत आला. म्हणाला, "बने, कंदील सोडला?"

मी व्हय म्हणाले.

"जळला?"

विझला म्हणाले असते तर तो म्हणाला असता, दाव बघू. त्यानं कंदील हातात घेतला असता, काच दिसली असती. मी कंदील पाठीमागं धरला होता. मी म्हणाले, "व्हय, जळला."

तो म्हणाला, "मग उतरतो. आज लवकर सुटून घासून आंघूळ करतो, न्हाईतर उद्या आष्ट्याची पोरगी म्हनंल, नवरा आत्ताच हळदीचा हाय." हसत हसत त्यानं दोर धरला.

बाकी तुला माहीत आहे. गडबडीत मी कंदील पाल्याच्या ढिगात टाकला. तो विझलेला सापडला, म्हणून सगळ्यांनी ठरवलं की आकाराम कंदील न सोडताच गेला आणि सोडणारा चहा पीत होता. मी ते खोडून काढलं नाही. साडेचार महिने मी ते खोडून काढलं नाही.

तू जागेवर नव्हतास म्हणून अण्णा मेला नाही. मी खोटं बोलले म्हणून मेला. आता तरी त्या विहिरीतून बाहेर ये.

बनू


हरिपूर, २ मे १९७८

बाळासोकाकांस नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. माझं पत्र ऐकताना सिद्धू मध्येच उठून गेला, दोन दिवस जेवला नाही आणि मग म्हणाला, बनी माझ्यासाठी लबाड लिहिती, खरं असतं तर तिनं आबास्नी सांगितलं असतं. तो बरोबर बोलला होता.

काका, मागचं पत्र एकट्याला वाचा म्हटलं होतं. हे तसं वाचू नका. सगळी टोळी चहाला बसली असेल तेव्हा मोठ्यानं वाचा. मुकादमही असू दे. मी कुठंही तोंड लपवणार नाही.

सिद्धूदा, मी आबांना सांगितलं. रविवारी सकाळी. आबा सोप्यात दोर वळत होते, आई सुपात तांदूळ पाखडत होती. मी उभ्यानंच सांगितलं. काच, तडा, तुला दुकानात पाठवणं, कंदील, अण्णानं विचारलेलं, मी दिलेलं उत्तर. एका दमात. थांबले असते तर पुन्हा तोंड मिटलं असतं.

आई सूप घेऊन आत गेली. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. माझी भाकरी करते, ताट वाढून ठेवते, माझ्याकडं बघत नाही. ती पुन्हा कधी बोलेल असं मला वाटत नाही आणि मी ते मागणारही नाही.

आबांनी दोर खाली ठेवला नाही. हात थांबले तेवढे. मला वाटलं मारतील, मारावं असंही वाटत होतं. त्यांनी विचारलं, "कंदील तळाला जाऊन इझला, का वाटंत?"

मी म्हटलं, वाटंत.

"दोर किती सुटला हुता?"

"निम्मा."

"ज्योत बारीक हुन गेली का फटकन गेली?"

मी म्हटलं, बारीक होत गेली, मग निळी झाली, मग गेली. हे सांगताना मला कळलं की वाऱ्यानं ज्योत अशी जात नाही. तू तिथं असतास तर तुला लगेच कळलं असतं. हे प्रश्न मी बनवलेले नाहीत, सिद्धूदा. मला ते सुचलेच नसते. असं विचारणारा माणूस आपल्या घरात एकच आहे, तू त्यांच्याच हाताखाली शिकलास.

मग आबा म्हणाले, "आकारामानं इचारलं हुतं?"

"व्हय."

"सोडला का, आसं?"

"व्हय. आणि जळला का, असं पण."

"दोन्ही इचारलं?"

"दोन्ही."

आबांनी दोर बाजूला टाकला आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन रडले. अण्णा गेला त्या दिवशी ते रडले नव्हते, दहाव्यालाही नाही. म्हणाले, "पाच म्हयनं मी त्येला शिव्या घालतोय मनातनं. एवढं शिकीवलं आन गाढव न बघता उतरलं म्हनून. न्हाई. माझ्या पोरानं दोन्ही इचारलं हुतं."

मला हे ठाऊक नव्हतं. मी तुझं नाव गिळलं होतं एवढंच मला वाटत होतं. अण्णाचं शहाणपणसुद्धा मी घेऊन बसले होते, हे त्या सकाळी समजलं.

संध्याकाळी केरबाकाका आले. आबांनी त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, दहाव्याला सगळ्या गावानं बघितलंय, कावळा काय खोटं बोलतो? आबा म्हणाले, "उन्हं कलली हुती, केरबा. कावळ्याला भूक लागली हुती." काका चहा न घेता गेले. टोळी आता फुटेल, निम्मे लोक काकांबरोबर जातील. आबा म्हणाले, जाऊ दे.

त्यांनी मला माफ केलं का? नाही. रात्री जेवण झाल्यावर एवढंच म्हणाले, "बने, तुला काय म्हनावं ते मला सुचंना. लय दिस सुचायचं न्हाई. पर सिद्ध्याला काय म्हनायचं ते ठावं हाय." आणि तुझा पत्ता मागून घेतला.

शुक्रवारी पाच तारखेला सकाळच्या एसटीनं ते निघतात. दुपारपर्यंत साताऱ्याला पोचतील. नोव्हेंबरपासून ते गावाची वेस ओलांडून गेलेले नाहीत. आईनं त्यांच्यासाठी आणि तुझ्यासाठी अशा दोन शिदोऱ्या बांधायचं ठरवलंय. तसं ती मला बोलली नाही, पण डाळ जास्त भिजवायला काढली आहे.

तू परत यायलाच पाहिजे असं मी म्हणत नाही. ते तू आणि आबा ठरवा. मी या घरात असेपर्यंत तुला यावंसं वाटणार नाही, असंही होईल. मग मी मामाकडं जाईन. मार्चची परीक्षा मी दिलीच नाही, द्यायची असेल तर ऑक्टोबरला तिकडूनही बसता येतं.

बाळासोकाका, हे पत्र गुरुवारी पोचायला हवं. पोचलं की त्याला धरून ठेवा. भट्टीपुढं बसवा, कपबशा विसळायला लावा, काहीही सांगा. ठेकेदार ओरडला तर ओरडू दे. टोळीतल्या दादांनो, तुम्हीही ऐकत असाल तर दोन दिवस त्याला दोराला हात लावू देऊ नका.

आणि सिद्धूदा, आबा उतरल्यावर त्यांना बोलायला जमलं नाही तर ते नुसते तुझ्या शेजारी बसतील. तूही बस.

माफीचं मी काही लिहीत नाही. ते नंतर, किंवा कधीच नाही. गुरुवार आणि शुक्रवार, किती बार लावले आणि किती वाजले ते मोजू नको. वर बस.

बनू